एकच पोरगं, दोन आकडे: तिसरीतल्या कुणालचा वाचनवेग मोजताना काय झालं

पार्श्वभूमी

पुण्यात दांडेकर पुलाच्या आसपासची एक मराठी माध्यमाची शाळा, दुपारची शिफ्ट, तिसरीचा वर्ग, पटावर ३४ मुलं आणि रोज हजर २८-२९. मी त्या वर्गाची बाई. शाळेचं नाव देत नाही आणि मुलाचं नाव बदललंय, इथे त्याला कुणाल म्हणू. (खऱ्या नावातही ण आहे म्हणून मुद्दाम हे नाव घेतलं, का ते पुढे कळेल.) घरचे मूळ वऱ्हाडातले, वडील टेम्पो चालवतात, आई दोन-तीन घरी पोळ्या लाटायला जाते. पोरगं बोलकं, गोष्ट सांगायला पुढे, पण मोठ्याने वाचायला उभं केलं की आवाज एकदम बसायचा.

वाचनवेग मोजायचं खूळ माझ्या डोक्यातलं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा लिहिली आहे. त्यातलं "समजून" कागदावरच राहतं आणि शाळेत येईपर्यंत ६० तेवढं उरतं, हा माझा अनुभव. त्याआधी आम्हाला माहीत होती ती असरसारखी पद्धत, म्हणजे 'प्रथम' या संस्थेची २००५ पासूनची चाचणी, त्यात घड्याळ नसतंच, मूल अक्षर वाचतंय, शब्द वाचतंय, पहिलीचा परिच्छेद वाचतंय की दुसरीची गोष्ट, एवढंच बघायचं. स्टॉपवॉच आलं आणि सगळ्यांनाच वाटलं की आता कसं शास्त्रशुद्ध झालं.

ज्यांनी कधी मोजलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक उतारा मुलासमोर, त्याचीच प्रत आपल्यासमोर. मूल वाचायला लागलं की घड्याळ सुरू, चुकलेल्या शब्दावर काट, ६० सेकंद झाले की जिथे पोचलं तिथे खूण. वाचलेल्या शब्दांतून चुका वजा केल्या की मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मिळतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टॅन्ली डेनो यांनी १९७०-८० च्या काळात ही एका मिनिटाची पद्धत रुजवली आणि पुढे जगभर पसरली. दिसायला इतकी सोपी आहे की नीट शिकून घ्यावी असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

अडचण

जुलैमध्ये मी सोमवारी माझ्या वर्गाचं मोजलं. कुणाल आला ३३. मोठ्या बाईंनी पडताळणीसाठी वर्ग अदलाबदल करायला लावले म्हणून गुरुवारी चौथीच्या सरांनी माझ्या मुलांना वाचायला लावलं. कुणाल आला ५८.

चार दिवसांत २५ शब्द! बाकी मुलांतही फरक होता, दहा-बारा-पंधरा शब्दांचा, आणि लाज वाटते सांगायला पण तो आम्ही "सरांच्या धाकाने नीट वाचतात" असं म्हणून सोडून दिला होता. कुणालचा फरक सोडता येईना, कारण त्यावर पुढचं ठरणार होतं. ३३ खरे धरले तर तो जादा तासाच्या गटात जाणार, आणि त्या गटात सुरुवात मूळाक्षरं आणि बाराखडीपासून. ५८ खरे धरले तर तो जवळजवळ पास, कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

त्यात अजून एक गोष्ट माझ्या हातून बिघडली होती. मोजताना बाकीची पोरं दारातच घुटमळत होती, मी आकडा मोठ्याने बोलून वहीत लिहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत कुणालचं नाव पडलं "तेहेतीस". ए तेहेतीस, इकडे ये. मला हे कळायला आठवडा लागला.

सांगितलं ते त्याच्या आईने. डबा द्यायला आली होती, दारातच म्हणाली, "बाई, सर म्हनतात अठ्ठावन्न, तुमी म्हनता तेहेतीस, पोरगं तर एकच हाये ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ती "म्हनतात" म्हणाली ना, तिथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

दोन आकड्यांची उलटतपासणी

शनिवारी सर आणि मी दोन्ही कागद समोरासमोर घेऊन बसलो. माझी एक सवय कामाला आली, मूल जे चुकीचं वाचेल ते मी त्या शब्दाच्या डोक्यावर लिहून ठेवते, नुसती काट मारत नाही.

माझा कागद: कुणाल मिनिटात ४१ शब्दांपर्यंत पोचला, मी ८ चुका धरल्या, ४१ वजा ८, ३३. आता त्या आठ चुका बघा. तीन ठिकाणी वर लिहिलेलं "पानी", "कोन", "आनि". म्हणजे ण चा न. अहो, हे पोरगं स्वतःचं नावसुद्धा कुनाल सांगतं! त्याने अक्षर ओळखलं होतं, शब्द ओळखला होता, फक्त तो त्याच्या घरी जसा बोलतात तसा तोंडातून आला. ही वाचनाची चूक नाही, ही माझ्या पुणेरी कानाची चूक. पुढच्या दोन काटांच्या जागी तो आधी चुकला आणि लगेच स्वतःच सुधारला होता. या पद्धतीचा साधा नियम आहे की तीन सेकंदांच्या आत मुलाने आपणहून दुरुस्त केलं तर शब्द बरोबर धरायचा. मी चूक धरला होता. म्हणजे खऱ्या चुका तीन, आणि आकडा ३८.

सरांचा कागद: उतारा ४८ शब्दांचाच, कुणालने ५० सेकंदांत संपवला, सरांनी बरोबर हिशोब केला, ४८ गुणिले ६० भागिले ५०, म्हणजे ५७.६, झाले ५८. पण कागदावर पाच काटा होत्या आणि त्या वजाच केल्या नव्हत्या. सर म्हणाले, "वेग मोजायचा होता ना, म्हटलं चुकांचं वेगळं बघू." वजा केल्यावर ४३ शब्द, मिनिटाला ५२.

आता ३८ आणि ५२. अजूनही १४ चा फरक. इथे आम्ही अर्धा तास एकमेकांच्या उताऱ्यांना नावं ठेवली. माझा उतारा मुलांच्या मासिकातला, कधी न वाचलेला. सरांचा दुसरीच्या पुस्तकातल्या धड्यातला, मुलांनी गेल्या वर्षी वाचलेला. माझं मोजमाप शेवटच्या तासाला व्हरांड्यात, नदीपात्रात ढोलपथकाची प्रॅक्टिस सुरू झालेली, सरांचं प्रार्थनेनंतर पहिल्या तासाला. हे सगळं खरं, पण मला खटकत होतं ते वेगळंच. माझ्या उताऱ्यातले शब्दच लांब होते.

इंग्रजीतला शब्द आणि मराठीतला शब्द एक नाही हे आपल्याला बोलताना माहीत असतं, मोजताना विसरतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि त्यावर अजून चिकटतात. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, चारही एकेकच शब्द. हे वाक्य घ्या: "आजी बाजारात गेली. तिने लाल टोमॅटो आणले." सात शब्द, अक्षरं १८. आता हे घ्या: "पाऊस थांबल्यावर शेजारच्या अंगणातल्या चिखलात पोरांनी होड्या सोडल्या." आठ शब्द, अक्षरं २९ (जोडाक्षर एकच धरलंय). पहिल्यात शब्दामागे अडीच अक्षरं, दुसऱ्यात साडेतीनच्या पुढे. मिनिटाला १०० अक्षरं वाचणारं मूल पहिल्या प्रकारचा उतारा दिला तर ३९ शब्द वाचेल आणि दुसऱ्या प्रकारचा दिला तर २८. मूल तेच, तोंड तेच.

मग आम्ही दोन्ही उताऱ्यांतली अक्षरं मोजत बसलो, चहा दोनदा झाला. माझ्या उताऱ्यात शब्दामागे ३.४ अक्षरं, सरांच्यात २.६. ३८ ला ३.४ ने गुणलं तर १२९. ५२ ला २.६ ने गुणलं तर १३५. सर नुसते बघत राहिले. इतका वेळ जे २५ शब्दांचं भांडण होतं ते अक्षरांत मोजल्यावर सहा अक्षरांवर आलं.

इतकं जुळणं थोडं नशिबाचंही आहे बरं का. एका शब्दावर, "दऱ्याखोऱ्यांतून" वर, कुणाल अडकला तेव्हा मी मायेने दहाएक सेकंद थांबले होते. नियम असा की तीन सेकंद थांबायचं, मग शब्द सांगून पुढे न्यायचं आणि चूक धरायची. सरांचा धडा ओळखीचा होता तो फायदाही आहेच. या दोन गोष्टी वरच्या गणितात धरलेल्या नाहीत आणि आता मागे जाऊन धरताही येणार नाहीत. तरी आडाखा मिळाला, की पोरगं ना ३३ चं, ना ५८ चं.

पर्याय काय होते

मोठ्या बाईंचा पहिला सल्ला होता सरासरी काढा, साडेपंचेचाळीस लिहा, विषय संपवा. सोपं होतं. पण दोन चुकीच्या आकड्यांची सरासरी बरोबर कशी येईल, आणि त्या आकड्याने कुणालला काय द्यायचं हे कुठे कळतं?

दुसरा पर्याय ५८ ठेवायचा. शाळेच्या तक्त्याला बरा दिसतो, आई खूश, पोरांचं चिडवणंही कदाचित थांबेल. खरं सांगते, मोह झाला होता.

तिसरा, ३३ धरून जादा तासाला पाठवायचं. "थोडा जास्तीचा सराव झाला तर नुकसान काय" असं एक दोघांचं म्हणणं. नुकसान असं की ज्याला शब्द आणि साधी वाक्यं येतात त्याला परत क का कि की ला बसवलं तर तो वाचनाला कंटाळतो, आणि "तेहेतीस" वर शिक्का बसतो तो वेगळा.

मध्येच एका पालकांनी इंग्रजीचा तक्ता पाठवला, अमेरिकेतल्या हॅसब्रूक आणि टिंडल यांचा २०१७ चा, त्यात तिसरीच्या शेवटी मधलं मूल मिनिटाला ११२ शब्द वाचतं असं आहे, तर आपली मुलं इतकी मागे का? त्यांना मी ते घर-घरातल्यांना वालं उदाहरण लिहून पाठवलं. इंग्रजीत "घरातल्यांना" साठी चार-पाच सुटे छोटे शब्द लागतात आणि ते सगळे मोजले जातात. तो तक्ता इंग्रजी वाचनाचा आहे, तिथे तो ठीकच आहे, मराठीला लावू नका.

चौथा पर्याय पुन्हा मोजायचं, पण आधी नियम ठरवून. वेळ जाणार होता, ऑगस्ट लागला होता, पुढे गणपती. तरी तोच घेतला.

आम्ही काय केलं

आधी उतारे. पाठ्यपुस्तकातले घ्यायचे नाहीत हे ठरलं, मग आम्हीच तीन लिहिले, प्रत्येकी सव्वाशेच्या आसपास शब्द म्हणजे मिनिटाच्या आत संपणार नाहीत. एक मंडईतल्या भाजीचा, एक सिंहगडाच्या सहलीचा, एक पावसात बंद पडलेल्या पीएमटी बसचा. शब्दामागे अक्षरं ३ ते ३.२ मध्ये बसेपर्यंत शब्द बदलत राहिलो, हे काम वाटतं त्यापेक्षा किचकट आहे, एक "सिंहगडावरच्या" घातला की गणित हललंच.

मग नियम एका पानावर. आपणहून सुधारलं तर बरोबर. तीन सेकंद अडलं तर सांगायचं आणि चूक. शब्द गाळला तर चूक. घरच्या बोलीचा उच्चार चूक नाही. या शेवटच्या नियमावर सरांशी चांगलीच जुंपली. त्यांचं म्हणणं, असं सोडलं तर प्रमाण उच्चार कधी शिकवायचा? माझं म्हणणं, शिकवू की, पण घड्याळ लावून नको. शेवटी असं ठरलं की मूल गप्पा मारतानाही तो उच्चार तसाच करत असेल तर काट नाही, आणि गप्पांत नीट बोलून वाचताना चुकत असेल तर काट.

मोजायची जागा वाचनालयाची खोली, दार बंद, पहिला तास. आईला विचारून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. तिन्ही उतारे एकाच दिवशी, मध्ये पाच मिनिटं चित्र काढायला कागद, आणि तिघांतला मधला आकडा धरायचा. प्रत्येक उताऱ्यानंतर पाच प्रश्न, कारण ते "समजून" राहून जायला नको.

कुणाल: ३६, ४४, ४१. मधला ४१. प्रश्नांत पाचपैकी चार. शब्दामागे ३.१ धरलं तर मिनिटाला १२७ अक्षरं, म्हणजे जुलैच्या दोन्ही कागदांच्या शेजारीच. सरांनी आणि मी रेकॉर्डिंग वेगवेगळं ऐकून मोजलं, तीन शब्दांचा फरक आला, परत ऐकल्यावर एकावर.

पण कामाची गोष्ट आकड्यात नव्हती, काटांमध्ये होती. साधे शब्द तो भराभर वाचत होता. अडत होता दोन ठिकाणी. एक म्हणजे र ची जोडाक्षरं. "दऱ्या" ला तो "दर्या" वाचायचा, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र करून टाकायचा. रफार, ऱ्या, प्र, ट्र, एका र ची चार सोंगं, कोण घोळणार नाही? दुसरं, चार अक्षरांच्या वर शब्द गेला की तो पहिल्या अक्षरापासून सुटं सुटं वाचायला लागायचा, अं-ग-णा-त-ल्या, आणि शेवटापर्यंत जाताना सुरुवात विसरून परत मागे यायचा. डोळ्यांची तपासणी शाळेच्या आरोग्य शिबिरात झाली होती, ती ठीक होती.

म्हणून जादा तासाला न पाठवता रोज दहा मिनिटं वेगळा सराव. लांब शब्दात पेन्सिलने एकच रेघ मारायची, अंगणा/तल्या, शेजार/च्या, थांबल्या/वर, आणि दोन घासांत वाचायचं. रेघ त्यानेच मारायची. शेपटीची चिठ्ठी वेगळी (तल्या, वरून, साठी, मधला) आणि ती कुठल्याही शब्दाला लावून बघायची, यात तो "चपलेमधला", "मांजरावरून" असलं काहीही करून हसायचा. र साठी जोड्या, दर्या-दऱ्या, आचार्यांना-आचाऱ्यांना, अर्थासकट. आणि आठवड्याला एक छोटा उतारा तीन दिवस पुन्हा पुन्हा मोठ्याने, घड्याळ न लावता. जोडीला वर्गातलीच एक मुलगी दिली, ती वाचायला पक्की आणि स्वभावाने शांत.

"तेहेतीस" चं काय केलं? फार काही नाही. वर्गाला एकदा दम दिला, त्याचा परिणाम शून्य. मग मी आकडे बोलायचे आणि दाखवायचे पूर्णच बंद केले, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर ते आपोआप विरलं, म्हणजे पोरांना दुसरा कुणीतरी सापडला असणार.

निकाल

गणपती आणि दिवाळी धरून कामाचे असे साधारण १२ आठवडे मिळाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवीन तीन उतारे लिहिले (जुने ओळखीचे झाले होते), अक्षरांचं प्रमाण तेच ठेवलं. ४९, ५७, ५२. मधला ५२, म्हणजे मिनिटाला १६१ अक्षरं. चुका आधी उताऱ्याला सहा-सात व्हायच्या, आता दोन-तीन. प्रश्नांत पुन्हा पाचपैकी चार. "दऱ्या" बरोबर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

आता हे ११ च्या ११ शब्द माझ्या पेन्सिलीच्या रेघांना द्यायचे नाहीत. या सरावात नसलेल्या वर्गातल्या दोन मुलांनाही आम्ही त्याच दोन दिवशी त्याच उताऱ्यांवर मोजलं होतं, त्यांचा वेगही सहा-सात शब्दांनी वाढला. मुलं वाढतातच. वरचे चार-पाच शब्द सरावाचे असतील. चुका कमी झाल्या त्याचं श्रेय मात्र मी सरावाला देते, कारण कमी झाल्या त्या नेमक्या लांब शब्दांतल्या आणि र च्याच.

६० ला तो अजून पोचलेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

रेकॉर्डिंग पहिल्या दिवसापासून. जुलैचा आवाज असता तर अर्धा शनिवार वाचला असता, आणि मी किती सेकंद थांबले ते अंदाजाने सांगावं लागलं नसतं.

बाकी मुलांतला दहा-पंधरा शब्दांचा फरक आम्ही जसा झटकला तसा झटकणार नाही. सगळ्या वर्गाचा आकडा एकाच बाजूला सरकतोय म्हणजे उताऱ्यातच काहीतरी आहे, हे कुणालच्या आधीच दिसायला हवं होतं. कुणालचा फरक फक्त डोळ्यांत भरण्याइतका मोठा होता.

आकडा मुलांसमोर उच्चारणार नाही. हे मला आधी सुचायला काय हरकत होती, माहीत नाही, १६ वर्षं शिकवतेय.

सरांचा आणि माझा एक वाद तसाच आहे. त्यांना वाटतं अक्षरंच मोजावी, शब्द सोडून द्यावे. मला वाटतं पालकाला "मिनिटाला १६१ अक्षरं" सांगून काही कळत नाही, शब्दच सांगावे पण उतारा बांधून घ्यावा. आम्ही दोन्ही लिहितो.

डिसेंबरचा फॉर्म भरताना तिथे रकाना एकच होता. मी ५२ लिहिलं आणि बाजूला समासात बारीक अक्षरात "शब्दामागे ३.१ अक्षरं, तीन उताऱ्यांतला मधला". केंद्रप्रमुख आले तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारलं, "बाई, हे काय लिहिलंय?" मी खुर्ची ओढून टोमॅटो आणि होड्यांपासून सुरुवात केली, पण त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या.